पडदा आहे, बोलू नका

आमच्या सरांच्या प्रयोगशाळेत खोकला आला तर व्हरांडा ओलांडून, पायऱ्या उतरून, आंब्याखाली जाऊन खोकावं लागे. शिंकेला तेवढी सवड नसते, म्हणून शिंकणाऱ्याने सर्दी बरी होईपर्यंत यायचंच नाही, असा नियम होता. चपला दाराबाहेर, बांगड्या दाराबाहेर. मी डिचोलीच्या त्या कॉलेजात प्रात्यक्षिकं घ्यायला आणि सरांच्या हाताखाली पीएच.डी. करायला रुजू झाले, त्या पहिल्या दिवशी प्रयोगशाळेचा शिपाई सगुण याने माझ्यापुढे एक रिकामी बरणी धरली.

"काकणां हेच्यात घाला," तो म्हणाला. तो दोडामार्गकडचा, त्याची बोली अखेरपर्यंत तीच राहिली. "सर कायएक बोलाचे नाय. पण पडदो मोडलो तर मगे दोन दिवस जेवचे नायत."

मी हातातल्या चार काचेच्या बांगड्या बरणीत टाकल्या आणि आत पाऊल ठेवलं. खिडकीच्या फटी कापसाने बुजवलेल्या, पंखा बंद, आणि भर वैशाखात एक गृहस्थ नुसत्या बनियनवर जाळीच्या कपाटात डोकं घालून बसलेले. जाळीचं कपाट म्हणजे स्वयंपाकघरात दूध आणि विरजण मांजरापासून वाचवायला ठेवतात ते. बाहेरच्या विजेचा गोंगाट आत शिरू नये म्हणून अशा प्रयोगाला तारेच्या जाळीचा पिंजरा लागतो. परदेशात तो विकत मिळतो, आणि सर परदेशात सहा वर्षं काढून आलेले होते. इथे आल्यावर त्यांनी आमोणे गावातल्या आपल्या घरातून आईचं कपाट उचलून आणलं. त्यांच्या आईने पुढे मला सांगितलं की त्या वर्षी मांजराने घरातलं दूध इतकं प्यायलं की त्याला पिल्लंही जास्त झाली.

कपाट ठेवलं होतं एका जाड दगडी पाट्यावर आणि पाटा ठेवला होता ट्रकच्या फुगवलेल्या ट्यूबवर. हे सगळं हादरे बसू नयेत म्हणून. कारण कपाटाच्या आत जे होतं त्याच्याइतकी नाजूक वस्तू मी आयुष्यात दुसरी पाहिली नाही.

एक पांढरी वाटी. तिच्या मधल्या भिंतीला मोहरीएवढं भोक. भोकाच्या दोन्ही अंगांना खारं पाणी. अंड्याच्या बलकातून काढलेलं स्निग्ध द्रव्य बारीक ब्रशाने त्या भोकावर फासायचं आणि गप्प बसायचं. आधी त्यावर तवंगासारखे रंग फिरतात, मग पडदा पातळ होत जातो आणि शेवटी काळा पडतो. काळा झाला की समजायचं, हा आता फक्त दोन रेणूंच्या जाडीचा आहे, आपल्या अंगातल्या प्रत्येक पेशीभोवती असतो अगदी तसा. मग त्या पाण्यात एखादं प्रथिन सोडायचं आणि पडद्यातून वीज जाते का ते मोजायचं. सरांचं सगळं आयुष्य त्या मोहरीएवढ्या भोकाभोवती गेलं, आणि त्यांना कधीही वाटलं नाही की आपण काही लहान काम करतो आहोत.

प्रथिन कसलं, तर खुब्यांचं. मांडवीच्या चिखलात सापडतात ते शिंपले. आमोण्याला भरतीचं पाणी खारट आणि ओहोटीचं गोडसर. माणूस असा दिवसातून दोनदा खारवला आणि अळणी केला तर टिकेल का? खुबा टिकतो. कसा टिकतो, हा सरांचा प्रश्न. विद्यार्थ्यांना समजावताना ते फळ्यावर आमोण्याचा बांध काढायचे. शेतं आणि नदी यांच्यामध्ये बांध, आणि बांधात मानस, म्हणजे लाकडी दार. भरतीचं पाणी आलं की दार आपोआप मिटतं, ओहोटी लागली की आपोआप उघडतं. "पेशीचा पडदा म्हणजे बांध," सर सांगत, "आणि प्रथिन म्हणजे मानस. बांध कोणीही घालतो. हुशारी सगळी मानशीत असते." परीक्षेत निम्मी मुलं मानशीचं चित्र काढून यायची. बाहेरचे परीक्षक चक्रावून जायचे आणि सर पूर्ण गुण द्यायचे.

बोलण्याचं त्यांचं तंत्र निराळं होतं. एकदा सुरू झाले की दीड तास बोलतील, आपली बस चुकली तरी त्यांना पत्ता नाही. आणि नाही बोलले तर आठवडा आठवडा नाही. मी त्याचा अर्थ लावत बसले नाही. माझं गाव मोपाच्या सड्यावरचं, उघड्या कातळी माळावरचं. विमानतळाचा तेव्हा कोणाच्या स्वप्नातही पत्ता नव्हता, गुरं आणि नाचणी एवढंच वर असायचं. माझ्या वडलांचा एक शब्द सकाळी यायचा, दुसरा संध्याकाळी. तेव्हा न बोलणाऱ्या पुरुषांची मला सवय होती.

अंडी लागत गावठी. सोमवारी मात्र प्रयोगशाळेत अंडं फुटायचं नाही, कारण आईला तसा शब्द दिलेला. रविवारीच फोडून ठेवायची. बलक आम्ही घ्यायचो आणि पांढरं पोदेर, म्हणजे पाववाला, घेऊन जायचा, भट्टीच्या उरलेल्या आंचेवर त्याची गोड फुगीर बिस्किटं करायला. त्यांतली चार तो प्रामाणिकपणे आम्हांला आणून द्यायचा. सर ती सगुणला देत. स्वतः एकही खात नसत, कारण ती खाल्ल्यावर बोटांना लागतं आणि बोटांचं पडद्याला लागतं.

यावरून साबण. साबणाचं नाव काढायचं नाही. "साबण म्हळ्यार पडद्याचो दुस्मान," सर म्हणत, आणि त्यात अतिशयोक्ती नव्हती. साबणाचा नखाएवढा अंश राहिला तरी पडदा विरतो. म्हणून प्रयोगशाळेत साबण नाही, हात धुवायला नाही, फडकं धुवायला नाही, सगुणने घरून अंघोळ करून येताना वापरलेलाही सरांना वासावरून कळायचा. वाट्या धुवायच्या त्या कढत पाण्याने आणि स्पिरिटने. बस्स. माझ्या केसांतल्या खोबरेलावरही एकदा त्यांची नजर गेली होती, पण तेवढ्यावर त्यांनी संयम ठेवला.

आता इतकं सगळं सांभाळूनही पडदा टिकायचा किती, तर दोन मिनिटं. कारण खनिजाचे ट्रक. कॉलेजच्या कुंपणाबाहेरून रस्ता जायचा आणि रस्त्यावरून सकाळपासून लाल मातीचे ट्रक, एकामागे एक, नदीकाठच्या धक्क्याकडे. तिथून बार्जी, म्हणजे सपाट मालवाहू होड्या, मुरगाव बंदराला. "मुरगावच्या बोटीत चडता तें सगळें आदीं म्हज्या पडद्यावयल्यान वता," सर कुरकुरत, जणू ट्रक रस्त्यावरून नाही, पडद्यावरूनच जात. पाटा, ट्यूब, कापूस, कशाचा उपयोग नसे. पावसाळ्यात ट्रक बंद असत, पण मग हवेत इतका ओलावा भरे की विजेचं यंत्र खोटं बोलायला लागे. राहिले रविवार. आणि बंद. लोक गणपतीच्या चवथीची वाट बघतात तशी आमचे सर बंदची वाट बघत.

आणि मग भाषेचं आंदोलन पेटलं: गोव्याची राजभाषा कोंकणी की मराठी.

त्या दिवसांबद्दल ज्यांनी लिहायचं त्यांनी लिहिलं आहे. घराघरांत फूट होती. माझ्या मावशीच्या घरात, जिथे मी डिचोलीला राहायचे, मावशी कोंकणीच्या बाजूची आणि काका मराठीच्या, दोघांचं जेवण वेगळ्या वेळी. अशा एका सकाळी सगुण धावत आला. "सर, आज एक पण ट्रक येवचो नाय. रस्त्यार झाडां आडवी घातलीहत." सरांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो बघून मला त्यांची लाज वाटली. गोवा जळतो आहे आणि हा माणूस ब्रश धुतो आहे.

तो पडदा नऊ वाजता काळा पडला आणि टिकला. पाच मिनिटं, दहा मिनिटं. सरांनी खुब्याचं प्रथिन सोडलं. कागदाच्या पट्टीवर पेनची रेघ सरळ चालली होती ती एकाएकी वर चढली, थांबली, पुन्हा वर चढली, मग एक पायरी खाली आली. देवळाच्या पायऱ्या काढाव्यात तशी रेघ. एक पायरी म्हणजे एक मानस उघडली. असं कोणाला दिसलं नव्हतं, निदान खुब्यात नव्हतं.

नेमकी तेव्हा मराठीवाली पोरं आत आली. सहाजण, हातात सह्यांचा कागद, चपलांसकट. सरांनी मागे न बघता हात वर केला. "उलय नाका. पडदो आसा." त्या आवाजात काहीतरी होतं, पोरं जागच्या जागी उभी राहिली. दहा मिनिटांनी कोंकणीवाले आले, चारजण, त्यांचाही कागद. तेही उभे राहिले. एकमेकांची डोकी फोडायला निघालेली दहा पोरं श्वास रोखून त्या जाळीच्या कपाटाकडे बघत होती आणि पेन पायऱ्या काढत होतं. अर्धा तास. मग पडदा आपणहून गेला. सरांनी घाम पुसला आणि वळून विचारलं, "हं. कोणाचं काय होतं?"

त्यांनी दोन्ही कागदांवर सही केली.

"सर, दोन्हीकडे सही चालत नाही," मराठीवाल्यांचा पुढारी म्हणाला. तो आमचाच शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी.

"कित्याक चलना? हांव घरांत कोंकणी उलयतां, मराठी वाचतां आनी बरयतां. दोनूय खरें. आतां खंयचें खोटें म्हूण सांगूं?"

दोन्ही बाजूंनी त्यांचं नाव खोडलं आणि दोन्ही बाजूंनी कॉलेजच्या भिंतीवर कोळशाने त्यांच्याविरुद्ध लिहिलं. प्राचार्यांनी भिंत धुवायला सांगितली. सरांनी धुऊ दिली नाही, कारण धुवायची म्हणजे बादलीत साबण आला. पावसाने ते पुसलं तेव्हा गोवा घटकराज्य झालेला होता.

त्या पायऱ्यांवर आमचा निबंध तयार झाला. पुढचे चार-पाच बंद आणि अनेक रविवार आम्ही त्याच पायऱ्या पुन्हा पुन्हा पाहिल्या. प्रथिनाशिवायचा पडदाही दर वेळी लावून पाहिला, त्याच्यासाठी वेगळी वाटी होती, आणि त्यात रेघ सरळ. म्हणजे पायऱ्या प्रथिनाच्याच. निबंध परदेशातल्या चांगल्या नियतकालिकाने स्वीकारला, खाली नावं दोनच, सरांचं आणि माझं. त्याच सुमारास गोव्यात एक नवा संशोधन विभाग उघडायचा होता आणि त्याच्या प्रमुखपदासाठी सरांचं नाव पहिलं होतं. स्वतःची इमारत, ट्रकच्या रस्त्यापासून दूर, खरा पिंजरा, खरं टेबल. एके दिवशी सर नवा शर्ट घालून आले. सगुणने मला कोपऱ्यात बोलावून विचारलं, "लगीन ठरलां काय हेंचा?"

आता माझी गोष्ट. ती सांगताना मला अजूनही बरं वाटत नाही.

खुब्याच्या प्रथिनाची वाटी बुळबुळीत होते. कढत पाण्याने ती बुळबुळ जात नाही, स्पिरिटनेही नाही. साबण तर बंद. त्या पहिल्या बंदच्या आधीच एका शनिवारी मी घरी गेले तेव्हा आईजवळ कुरकुरले. ती म्हणाली, "मगे रिठो व्हर. आपल्या परसातलो आसा. देवाचां रुप्याचां तेनाच घासतत, साबण नाय तेच्यात." तिने वाळवून कुटलेल्या रिठ्याचा डबा भरून दिला. मला ते फार पटलं. झाडाचं फळ, साबणाचा स्पर्श नाही, सरांचा नियम मोडत नाही. दर वेळी मी ती वाटी रिठ्याने स्वच्छ चोळायची, पाण्याने खळबळायची, आणि स्वतःवर खूश व्हायची. दुसऱ्या वाटीत, बिनप्रथिनाच्या, बुळबुळ नसायचीच, म्हणून तिला रिठा कधी लागला नाही. सरांना हे सांगावं असं मला सुचलंही नाही. भांडी कशाने घासली हे कोणी सांगतं का?

घटकराज्याची पहिली दिवाळी जवळ आली. आईने घरातलं रुपं आणि समया काढल्या आणि रिठा तिकडेच संपला. मी डब्याशिवाय आले. त्या रविवारी मी वाटी नुसत्या कढत पाण्याने हात दुखेपर्यंत चोळली. आणि पायऱ्या दिसेनात. पडदा उत्तम, प्रथिन ताजं, रेघ सरळ. पुढच्या शनिवारी नवा कुटलेला डबा आणला आणि रविवारी पायऱ्या परत आल्या.

त्याच्या पुढच्या रविवारी सर आमोण्याला होते. मी बिनप्रथिनाची वाटी घेतली, पडदा लावला, काळा होऊ दिला आणि रिठ्याच्या पाण्याचा एक थेंब सोडला. पेनने देवळाच्या पायऱ्या काढल्या. आम्ही वर्षभर पाहिल्या त्या, हुबेहूब.

रिठ्याच्या फेसात जे असतं तेच पडद्याला भोकं पाडत होतं. खुब्याचा त्यात काही संबंध नव्हता, आणि मानशीचा तर नव्हताच.

मी प्रयोग वहीत लिहिला, तारीख घातली, वही बंद केली आणि घरी गेले. आणि कोणालाही काही सांगितलं नाही. का, असं कोणी विचारलं तर सरळ उत्तर आहे: मला भीती वाटली. वडलांनी, जे दिवसाला दोन शब्द बोलत, त्यांनी पेडण्याच्या बाजारात थांबून लोकांना सांगितलं होतं की मुलीचं नाव परदेशात छापून येणार. माझा प्रबंध त्या पायऱ्यांवर उभा होता. आणि सरांचा तो नवा शर्ट. उद्या सांगते, असं म्हणून मी सोमवार काढला.

मंगळवारी छापखान्याची तपासायची पानं आली. दोन दिवसांत परत पाठवायची होती. सरांनी रात्री बसून ती तपासली आणि बुधवारी सकाळी पाकीट माझ्या हातात दिलं. "पोस्टांत घाल गो बाये. रजिस्टर." मी डिचोलीच्या पोस्टात रांगेत उभी राहिले. माझ्यापुढे बेळगावकडचे दोन कामगार घरी मनीऑर्डर करायला उभे होते, त्यांचा फॉर्म मीच भरून दिला, तेवढीच पाच मिनिटं लांबली. मग माझा नंबर आला आणि मी पाकीट आत सरकवलं. परत मागता आलं असतं. पोस्टमास्तर ओळखीचे होते.

दिवाळी गेली. तुळशीचं लग्न झालं. बाविसाव्या दिवशी मी सरांपुढे डबा ठेवला आणि सगळं सांगितलं. सगळं म्हणजे, एक सोडून. त्यांनी विचारलं, "केन्ना कळ्ळें?" आणि मी म्हणाले, "काल."

त्यांनी डब्यातलं चिमूटभर तळहातावर घेतलं, वास घेतला. मग स्वतः पडदा लावला, स्वतः थेंब सोडला आणि तासभर त्या पायऱ्या चढताना बघत राहिले. शेवटी म्हणाले, "बरें." नियतकालिकाला तार केली. चार दिवसांनी उत्तर आलं की अंक छापून झाला आहे.

मग त्यांनी निबंध मागे घेत असल्याचं पत्र लिहिलं. निबंधाखाली दोन नावं होती, पत्राखाली एकच. त्यात लिहिलं होतं: "भांडी धुण्याची पद्धत मी ठरवली होती, काय वापरू नये ते सांगितलं आणि काय वापरावं ते सांगितलं नाही, म्हणून चूक माझी. माझ्या विद्यार्थिनीने ती शोधून काढली." हे वाक्य मी टंकलेखनाच्या यंत्रावर स्वतःच्या बोटांनी उमटवलं, कारण टायपिंग मलाच यायचं.

प्रमुखपदाच्या मुलाखतीला त्यांनी छापलेला निबंध नेला आणि त्यावर ते पत्र टाचून टेबलावर ठेवलं. कोणी विचारलं नव्हतं. जागा दुसऱ्याला मिळाली आणि ते रास्तच होतं, असं सरही म्हणत. पण निबंध छापण्याआधी थांबवला असता तर पत्रही लागलं नसतं आणि टाचणीही. ते बावीस दिवस माझे होते. त्यांची किंमत सरांनी भरली, आणि त्यांना ते माहीतही नाही, ही बोच घेऊन मी पुढे जगले.

त्यानंतरचे दिवस प्रयोगशाळेत फार शांत गेले. सर खुबे आणत, पडदा लावत, माझ्यासमोर वाटी सरकवत. मला वाटे, जागा गेल्याचं दुःख आहे, बोलायचं तरी काय. मीही बोलत नसे. चहा आणून ठेवत असे. हळूहळू सगळं पूर्ववत झालं, म्हणजे दीड तासाची व्याख्यानं पुन्हा सुरू झाली.

आम्ही पहिल्यापासून केलं. नव्या वाट्या, आणि प्रत्येक वाटी कशाने धुतली त्याची वेगळी नोंद. चार वर्षं लागली. खुब्याची खरी मानस अखेर सापडली. ती फार लहान निघाली, आमच्या पायऱ्यांच्या मानाने अगदीच ठेंगणी, पण खरी होती, आणि पाण्यातलं मीठ कमी झालं की ती खरोखर मिटायची. माझा प्रबंध त्यावर झाला. मला नोकरी लागली, सरांनी शिफारसपत्र दिलं. पुढे माझी स्वतःची प्रयोगशाळा झाली, तिथे आज कोणालाही खोकता येतं, आणि कामही बरं चालतं.

सर त्याच कॉलेजातून निवृत्त झाले. मी वर्षातून एकदा आमोण्याला जायची. निबंधाला बारा वर्षं झाली असतील, त्या खेपेला मी सोप्यावर त्यांच्याशेजारी बसले होते. समोर नदी, ओहोटी लागलेली, ते तांदूळ निवडत होते. माझ्याच एका विद्यार्थ्याने त्या आठवड्यात मला एक नकोशी गोष्ट आपणहून येऊन सांगितली होती, चटकन, त्याच दिवशी. मला रात्रभर झोप नव्हती. मी म्हणाले, "सर, ते रिठ्याचं. मला आदल्या दिवशी कळलेलं नव्हतं. बावीस दिवस आधी कळलं होतं. पाकीट पोस्टात टाकताना मला ठाऊक होतं."

त्यांनी सुपातून एक खडा काढून अंगणात टाकला.

"म्हाका खबर आशिल्लें."

"कसं?"

"तुवें सांगलें त्याच सांजे तुजी वही वाचली. तातूंत तारीख आसा."

मी थक्क झाले. म्हणजे ते पत्र लिहिताना, ते वाक्य मला टाइप करायला देताना, मुलाखतीला जाताना, सगळा वेळ. मी विचारलं, "मग तुम्ही मला एका शब्दानं बोलला नाहीत?"

सरांनी सूप खाली ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. चेहरा दुखावलेला.

"उलयलों ना, तेंच न्ही? तीन म्हयने उलयलों ना, तोंड बंद दवरलें. हांव रागार आशिल्लों. तुका कळ्ळें ना?"

"नाही, सर."

"कांयच कळ्ळें ना?"

"नाही."

त्यांनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं. "म्हळ्यार तो राग फुकट गेलो," ते म्हणाले, आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागले.

मला रडू आलं आणि हसूही, दोन्ही एकदमच. कारण ते तीन महिने मला लख्ख आठवत होते. दर शनिवारी मी घरी जायची आणि आईला सांगायची, सर इतके मोठ्या मनाचे आहेत, इतकं सगळं झालं तरी माझ्याशी पहिल्यासारखेच वागतात.